मधेच येणारी नोटीस

गणिताचा तास चालू आहे. बाई फळ्यावर उदाहरण सोडवत आहेत. तिसरी पायरी लिहून झाली, चौथी मनात तयार आहे, एवढ्यात शिपाई नोटिशीची वही घेऊन दारात उभा राहतो. बाई खडू खाली ठेवतात, नोटीस वाचून दाखवतात, सही करतात आणि पुन्हा फळ्याकडे वळतात. उदाहरण जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू होते.

वरवर पाहता यात विशेष काही नाही. पण हे जमण्यासाठी काय काय सांभाळावे लागते ते पाहा. आपण कुठे थांबलो हे लक्षात राहिले पाहिजे. हातचा एक विसरून चालणार नाही. नोटिशीत फार वेळ जाता कामा नये. सही झालीच पाहिजे, नाहीतर शिपाई दारातून हलणार नाही. आणि नोटीस नेमकी केव्हा येईल, हे आधी कोणीच सांगू शकत नाही.

संगणकाच्या प्रोसेसरला असे व्यत्यय सेकंदाला शेकडो वेळा येतात. अशा व्यत्ययाला इंटरप्ट म्हणतात. तो आला की जी छोटी आज्ञावली कामाला लागते ती इंटरप्ट हँडलर. ती राहते ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये. बहुधा ती वीस-तीस ओळींचीच असते. तरीही ती बिनचूक लिहिणे संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फार जड जाते. वीस-तीस ओळींत एवढे अवघड काय असते? या लेखात आपण तेच पाहणार आहोत.

वाट पाहण्याचा खर्च

आधी हे पाहू, की इंटरप्ट हवाच कशाला? प्रोसेसरने दर थोड्या वेळाने कळफलकाकडे पाहून ‘कोणती कळ दाबली आहे का?’ असे विचारले तर नाही का चालणार?

थोडा हिशोब करू. सेकंदाला १०० कोटी ठोके पडणारा एक साधा प्रोसेसर घ्या. भराभर टंकलेखन करणारी व्यक्ती सेकंदाला फार तर १० कळा दाबेल. म्हणजे दोन कळांच्या मध्ये प्रोसेसरचे १० कोटी ठोके जातात. एवढा वेळ तो दाराकडे डोळे लावून बसला, तर दुसरे काही काम होणार नाही. तो मधून मधून पाहू लागला, तर किती वेळाने पाहायचे हा प्रश्न उरतोच. फार लवकर पाहिले तर वेळ फुकट जातो, फार उशिरा पाहिले तर एखादी कळ निसटते. त्यापेक्षा कळफलकानेच हाक मारावी हे बरे.

ही सोय संगणकात अगदी सुरुवातीपासून नव्हती. ती आली, तेव्हा तिचा धोका ओळखणाऱ्यांत एत्सखर डाइक्स्ट्रा हे डच संगणकशास्त्रज्ञ होते. अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात ते त्या वेळी आज्ञावली लिहिण्याचे काम करत. त्यांचे सहकारी लोप्स्ट्रा आणि स्कोल्टेन हे एक्स-१ या नव्या संगणकाची रचना करत होते. एक्स-१ मध्ये इंटरप्टची सोय ठेवायची, असा या दोघांचा विचार होता. डाइक्स्ट्रा यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे, की हे ऐकून ते घाबरून गेले आणि बराच काळ त्यांनी या कल्पनेला विरोध केला.

त्यांच्या भीतीला कारण होते. तोपर्यंत आज्ञावली चुकली तर तीच पुन्हा चालवून पाहता येई. आकडे तेच, आज्ञा त्याच, म्हणून चूकही तीच आणि त्याच जागी. एकदा सापडली की दुरुस्त करता येई. इंटरप्ट आल्यावर हा भरवसा गेला. बाहेरचे यंत्र केव्हा हाक मारील ते त्या यंत्रावर अवलंबून. आज दोन हजाराव्या आज्ञेनंतर हाक येईल, उद्या दोन हजार एकाव्या आज्ञेनंतर. आज दिसलेली चूक उद्या दिसेलच असे नाही. अखेर डाइक्स्ट्रा तयार झाले. १९५८ साली एक्स-१ संगणक ग्राहकांपर्यंत पोचू लागले, आणि त्यांच्या इंटरप्टसाठी लिहिलेली आज्ञावली हा डाइक्स्ट्रा यांच्या १९५९ मधील डॉक्टरेटच्या प्रबंधाचा विषय झाला.

कोणाचे काम कोणते?

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. शिकण्यासाठी आयबीएमच्या जुन्या पर्सनल कॉम्प्युटरची रचना सोयीची आहे. त्यात इंटेलची ८२५९ ही चिप असे. यंत्रांच्या हाका गोळा करून प्रोसेसरपर्यंत पोचवणे हे तिचे काम. आपल्या दाखल्यातला शिपाई म्हणजे हीच चिप. एका चिपला आठ तारा. १९८४ च्या ‘एटी’ या संगणकात अशा दोन चिपा जोडलेल्या होत्या. तार क्रमांक ० घड्याळाची आणि तार क्रमांक १ कळफलकाची. आजच्या संगणकांत हाका पोचवण्याची व्यवस्था बरीच बदलली आहे. पण क्यूएमू या मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीत तो जुना संगणक आजही चालवता येतो, आणि नवशिके त्यावरच हात बसवू शकतात.

हाक आली की प्रोसेसर हातातली आज्ञा पुरी करतो. आज्ञा अर्धवट टाकून तो उठत नाही, म्हणून व्यत्यय येतो तो नेहमी दोन आज्ञांच्या मधल्या फटीत. मग पुढची आज्ञा मेमरीत कुठे आहे तो पत्ता आणि स्वतःच्या स्थितीची नोंद तो स्टॅक नावाच्या जागी लिहून ठेवतो. त्यानंतर तो २५६ ओळींच्या एका तक्त्यात पाहतो. कोणत्या हाकेसाठी कोणता हँडलर, हे त्या तक्त्यात लिहिलेले असते. तिथला पत्ता घेऊन तो हँडलरकडे जातो.

इथे प्रोसेसरचे काम संपते आणि हँडलर लिहिणाऱ्याचे सुरू होते. कळफलकाच्या हँडलरला पुढील गोष्टी करायच्या असतात.

१. प्रोसेसरच्या हाताशी आकडे ठेवण्याचे मोजके कप्पे असतात. त्यांना रजिस्टर म्हणतात. थांबलेल्या कामाचे हातचे या कप्प्यांत असतात. वापरण्याआधी हँडलरने ते जपून ठेवायचे.

२. कळफलकाने पाठवलेला आकडा ९६ क्रमांकाच्या पोर्टातून वाचायचा. ‘ए’ ही कळ दाबली की ३० हा आकडा येतो आणि सोडली की १५८, म्हणजे ३० अधिक १२८. दाबणे आणि सोडणे या दोन वेगळ्या हाका आहेत.

३. तो आकडा मेमरीतल्या एका रांगेत ठेवायचा.

४. ८२५९ चिपला ‘काम झाले’ असे कळवायचे. त्यासाठी ३२ क्रमांकाच्या पोर्टात ३२ हा आकडा लिहितात. ही झाली नोटिशीवरची सही.

५. रजिस्टरांतले आकडे होते तसे परत ठेवायचे आणि खास परतीची आज्ञा देऊन थांबलेल्या कामाकडे जायचे.

लक्षणांवरून चूक ओळखणे

या पाच पायऱ्यांत चूक झाली तर काय दिसते?

पहिला फटका बहुतेकांना या पायऱ्यांच्याही आधी बसतो. तक्त्यातल्या ० ते ३१ या ओळी इंटेलने प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखून ठेवल्या आहेत. शून्याने भागण्याचा प्रयत्न ही अशीच एक अडचण. पण पर्सनल कॉम्प्युटर सुरू होतो तेव्हा घड्याळाची तार जोडलेली असते आठव्या ओळीला. आणि नव्या रीतीने चालणाऱ्या प्रोसेसरमध्ये त्या ओळीचा अर्थ होतो, ‘एक अडचण निस्तरताना दुसरी अडचण आली.’ विद्यार्थी घड्याळ चालू करतो आणि पडद्यावर ही भयंकर सूचना येते. तो आपल्या आज्ञावलीत तासन् तास चूक शोधत बसतो. खरे तर घड्याळाचा पहिला टोला पडलेला असतो, एवढेच. ८२५९ चिपला ‘तुझ्या हाका ३२ व्या ओळीपासून पाठव’ असे आधी सांगितले, की प्रश्न मिटतो.

दुसरे लक्षण असे. पहिली कळ उमटते, पण त्यानंतर कितीही कळा दाबा, काहीच होत नाही. घड्याळ मात्र चालू असते. याची दोन कारणे संभवतात. एक तर चौथी पायरी राहिली असेल, म्हणजे सहीच झाली नाही. ही चिप तारांना मान देते तो क्रमाने. कळफलकाची सही बाकी असेल तर ती कळफलकाच्या आणि त्याहून खालच्या मानाच्या हाका अडवून धरते. शून्य क्रमांकाच्या घड्याळाचा मान वरचा, म्हणून ते चालू राहते. दुसरे कारण म्हणजे दुसरी पायरी राहिली असेल. आधीचा आकडा कोणी उचललाच नाही, तर नवा आकडा ठेवायला जागा नसते आणि म्हणून नवी हाकही येत नाही. मग या दोहोंत फरक कसा करायचा? चौथ्या तारेवरचे एखादे यंत्र हाक मारू शकते का ते पाहायचे. तेही गप्प असेल तर सही राहिली आहे. ते चालू असेल तर आकडा वाचायचा राहिला आहे. डॉक्टर लक्षणांवरून रोग ओळखतात, तसेच हे आहे.

अशा चुका त्रास देतात, पण त्या प्रामाणिक असतात. त्या दर वेळी दिसतात, म्हणून सापडतात. पुढची चूक तशी नाही.

वर्गात करून पाहण्याचा खेळ

फळ्यावर १० ही संख्या लिहा. अजय आणि मीना अशा दोन विद्यार्थ्यांना पुढे बोलवा. अजय म्हणजे मुख्य काम आणि मीना म्हणजे हँडलर. अजयने फळ्यावरच्या संख्येत १ मिळवायचा आहे, पण तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवरच्या आज्ञा पाळून:

पहिली चिठ्ठी: फळ्यावरची संख्या वाचून वहीत लिही.
दुसरी चिठ्ठी: वहीतल्या संख्येत १ मिळव.
तिसरी चिठ्ठी: वहीतली संख्या फळ्यावर लिही.

मीनाकडेही अशाच तीन चिठ्ठ्या आणि तिची स्वतःची वही आहे. शिक्षकांनी टाळी वाजवली की अजयने हातातली चिठ्ठी पुरी करून थांबायचे, मीनाने आपल्या तिन्ही चिठ्ठ्या सलग पुऱ्या करायच्या आणि मग अजयने थांबल्या जागेवरून पुढे जायचे. दोघांनी एकेक मिळवला, म्हणजे शेवटी फळ्यावर १२ यायला हवेत.

टाळी पहिल्या चिठ्ठीच्या आधी किंवा तिसरीच्या नंतर वाजली तर उत्तर १२ येते. पण ती पहिली आणि दुसरीच्या मध्ये वाजली तर? अजयच्या वहीत १० आहेत. मीना फळ्यावर ११ लिहून जाते. अजय आपल्या १० मध्ये १ मिळवून फळ्यावर पुन्हा ११ लिहितो. मीनाने मिळवलेला एक नाहीसा झाला! दुसरी आणि तिसरीच्या मध्ये टाळी वाजली तरी हेच होते.

मुलांना इथे एक प्रश्न अवश्य विचारावा. चूक कोणाची? अजयने प्रत्येक आज्ञा बरोबर पाळली. मीनानेही पाळली. अजयची वहीही कोणी बिघडवली नाही, म्हणजे रजिस्टर जपून ठेवण्याचा नियम नीट पाळला गेला. तरीही उत्तर चुकले. दोघांनी एकच फळा वापरला आणि वाचणे व लिहिणे यांच्या मध्ये फट राहिली, ही ती चूक आहे. रिस्क-फाइव्ह या प्रकारच्या प्रोसेसरवर मेमरीतल्या संख्येत १ मिळवण्याची नेहमीची रीत नेमक्या अशाच तीन आज्ञांची असते: आणा, मिळवा, ठेवा.

ही चूक चाचणीत सापडेल का? पुन्हा हिशोब करू. समजा दोन फटी मिळून २ नॅनोसेकंदांच्या आहेत, म्हणजे सेकंदाच्या १०० कोटी भागांपैकी दोन भाग. घड्याळाचे टोले सेकंदाला १०० पडतात. तेव्हा एखादा टोला नेमका फटीत पडण्याची शक्यता ५० लाखांत एक. मुख्य काम ही बेरीज सेकंदाला १० वेळा करत असेल, तर सरासरी ५ लाख सेकंदांत ही चूक एकदा घडेल. ५ लाख सेकंद म्हणजे सुमारे पावणेसहा दिवस. दिवसभर चाचणी घेतली तर ती बहुधा निर्विघ्न पार पडेल. यंत्र कामावर लागेल आणि पुढच्या आठवड्यात कधीतरी एक आकडा चुकेल. तो पुन्हा चुकवून दाखवा म्हटले तर कोणालाच जमणार नाही. डाइक्स्ट्रा घाबरले होते ते हेच ओळखून.

दार लावायचे, पण किती वेळ?

खेळात उत्तर नेहमी १२ यावे यासाठी कोणता नियम करावा, हे मुलांनाच सुचू द्यावे. बहुधा कोणीतरी म्हणेल, ‘अजयची तिसरी चिठ्ठी होईपर्यंत मीनाने थांबावे.’ कर्नेलमध्ये हेच करतात. सामाईक आकड्याला हात लावण्याआधी इंटरप्ट बंद करण्याची आज्ञा द्यायची आणि काम होताच ते पुन्हा चालू करायचे. इथेही एक बारकावा आहे. इंटरप्ट आधीच कोणी बंद केलेले असतील, तर आपण काम संपवून ते चालू करणे चूक ठरेल. दुसऱ्याने लावलेले दार आपण उघडायचे नाही. म्हणून ‘चालू करा’ असे न म्हणता ‘पूर्वी होते तसे करा’ असे म्हणावे लागते.

दार लावण्याची किंमतही मोजावी लागते. मीना थांबलेली असताना दोन टाळ्या वाजल्या तर? ८२५९ चिप प्रत्येक तारेची थांबलेली एकच हाक लक्षात ठेवते. दुसरी टाळी हरवते. जुन्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये टेलिफोनच्या मोडेमकडून येणारी अक्षरे ८२५० या चिपवर येत, आणि आलेले एकच अक्षर ती धरून ठेवू शकत असे. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने, एका अक्षराला १० बिट धरून, सेकंदाला ९६० अक्षरे येतात. म्हणजे सुमारे एका मिलिसेकंदाला एक. त्याहून जास्त वेळ दार बंद राहिले, तर एक अक्षर कायमचे गेले. पुढे आलेल्या १६५५० जातीच्या सुधारित चिपमध्ये १६ अक्षरांची रांग ठेवली गेली, ती याच अडचणीवर तोडगा म्हणून.

म्हणून हँडलरचा पहिला धर्म म्हणजे थोडक्यात आटोपणे. कळेचा आकडा रांगेत टाकायचा, सही करायची आणि निघायचे. ती कळ म्हणजे कोणते अक्षर, ते पडद्यावर कुठे उमटवायचे, हे काम मागाहून निवांतपणे करता येते. लिनक्सच्या कर्नेलमध्ये कामाची अशी वरचा अर्धा आणि खालचा अर्धा अशी वाटणी रूढ आहे.

दुसरा धर्म म्हणजे हँडलरने कधीही कोणाची वाट पाहत बसायचे नाही. समजा मुख्य कामाने एका सामाईक वस्तूला कुलूप लावले आहे, आणि तेवढ्यात इंटरप्ट येऊन हँडलरही तेच कुलूप मागू लागला. हँडलर म्हणतो, ‘कुलूप निघेपर्यंत मी हलणार नाही.’ कुलूप काढणार कोण? मुख्य काम. आणि हँडलर हलल्याशिवाय मुख्य काम सुरू होणार नाही. दोघेही कायमचे अडकले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या एक्सव्ही-६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये म्हणूनच असे कुलूप लावण्यापूर्वी त्या प्रोसेसरवरचे इंटरप्ट बंद केले जातात. आजच्या संगणकात एकापेक्षा जास्त प्रोसेसर असतात. आपले दार लावल्याने शेजारच्याचे लागत नाही, म्हणून तिथे दार आणि कुलूप दोन्ही लागतात. एक्सव्ही-६ ची संपूर्ण आज्ञावली मोफत उपलब्ध आहे. सी भाषा येणाऱ्या आणि चिकाटी असणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ती वाचता येईल, इतकी ती लहान आहे.

चाचणी पुरत नाही तेव्हा

मग इंटरप्ट हँडलर लिहायला शिकणे म्हणजे काय शिकणे? चिपा आणि पोर्टांचे क्रमांक पुस्तकात मिळतात. शिकायची असते ती एक सवय. आपण लिहिलेल्या प्रत्येक दोन आज्ञांच्या मध्ये बोट ठेवून विचारायचे, ‘इंटरप्ट नेमका इथे आला तर?’ अजयच्या तीन चिठ्ठ्यांना चार जागा होत्या. आपण चारही तपासल्या, म्हणून उत्तर खात्रीने सांगता आले. पन्नास वेळा टाळी वाजवून ती खात्री आली नसती. चाचणीने चूक आहे हे दाखवता येते, चूक नाही हे दाखवता येत नाही, असे डाइक्स्ट्रा पुढे आग्रहाने सांगत.

खरी कर्नेल हजारो, लाखो ओळींची असते. तिथे प्रत्येक फटीत बोट कसे ठेवणार? डाइक्स्ट्रा यांनी पुढे आइंडहोवनच्या विद्यापीठात सहकाऱ्यांसह एक ऑपरेटिंग सिस्टिम रचली आणि १९६८ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले. तिची रचना थरांची होती. घड्याळाचा इंटरप्ट अगदी तळाच्या थरात हाताळला जाई आणि वरच्या थरांना त्याचा पत्ताही नसे. सामाईक वस्तूंसाठी त्यांनी सेमाफोर ही युक्ती वापरली. हे नाव रेल्वेच्या हात असलेल्या सिग्नलचे. इंटरप्ट जिथे जिथे शिरू शकतो त्या जागाच इतक्या कमी करायच्या, की त्या एकेक करून तपासता याव्यात, हा त्यामागचा विचार होता.

हा खेळ वर्गात घ्याल तेव्हा तो थोडा वाढवूनही पाहा. अजयला तीनऐवजी पाच चिठ्ठ्या द्या आणि फळ्यावर एकाऐवजी दोन संख्या लिहा. टाळी वाजवण्याआधी मुलांकडून लिहून घ्या, की कोणत्या फटीत टाळी वाजली तर उत्तर काय येईल. मगच टाळी वाजवा.